बेताचा गळा आणि मायक्रोफोन



आजचा भाग इतिहासाचा आहे, पण त्याचा उपयोग तुम्हाला आज संध्याकाळी घरीच करून बघता येईल. माझ्या वयाची कितीतरी माणसं निवृत्तीनंतर मोबाइलवर गाणी रेकॉर्ड करायला लागली आहेत. बडोदा, इंदूर, हैदराबाद, दिल्ली, जिथे जिथे आपली माणसं आहेत तिथे कराओके ट्रॅक लावून जुनी गाणी म्हणणारे भेटतात. आणि त्यांचा प्रश्न बहुतेक एकच असतो : "कर्नलसाहेब, आवाज बेताचा आहे. गाताना बरं वाटतं, पण रेकॉर्डिंग ऐकलं की लाज वाटते. याला काही उपाय आहे का?"

उपाय आहे. तो शोधण्यात माणसाने सव्वाशे वर्षं घालवली आहेत. ध्वनिमुद्रणाचा इतिहास आपण मोठमोठ्या गळ्यांचा इतिहास म्हणून ऐकतो. पण तो दुसऱ्या बाजूने वाचला तर वेगळंच दिसतं. या काळात आलेल्या प्रत्येक यंत्राने बेताच्या गळ्याला एक सवलत दिली आणि त्या बदल्यात एक नवी शिस्त मागितली. ज्यांनी नुसती सवलत घेतली त्यांचं गाणं टिकलं नाही. ज्यांनी शिस्तही उचलली, त्यांच्यातल्या काहींचे आवाज आपण आजही ऐकतो.

आधी एक गैरसमज दूर करतो. रेकॉर्डिंगमधला आपला आवाज आपल्याला परका आणि पातळ वाटतो, त्याचं कारण गळ्यात नाही, कवटीत आहे. बोलताना किंवा गाताना आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो, हवेतून आणि डोक्याच्या हाडांतून. हाडं खर्जाचे सूर चांगले पोचवतात, म्हणून स्वतःला स्वतःचा आवाज भरदार वाटतो. मायक्रोफोनला हाडांची वाट नसते. जगातला प्रत्येक माणूस, मोठे गायकसुद्धा, पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून दचकतो. तेव्हा पहिल्या ऐकण्यावरून स्वतःला नापास करू नका. आठवडाभर रोज स्वतःला ऐका. कानाला सवय झाली की मग खरे दोष दिसायला लागतात.

भोंग्याचा काळ

एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ तयार केला आणि त्यानंतर दहा वर्षांनी बर्लिनरने ग्रामोफोन आणला. पण १९२५ सालापर्यंत रेकॉर्डिंगमध्ये विजेचा संबंध नव्हता. गायकाने एका मोठ्या भोंग्यात तोंड घालून गायचं. त्या हवेच्या धक्क्याने भोंग्याच्या टोकाचा पडदा हलायचा, पडद्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर खाच पाडायची. म्हणजे तबकडी कोरण्याचं सगळं काम गायकाच्या फुप्फुसातली ताकद करायची.

ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग १९०२ साली कलकत्त्याला आला. त्याने इथे सर्वांत आधी मुद्रित केले ते शशीमुखी आणि फणीबाला या थिएटरात काम करणाऱ्या दोन कोवळ्या मुलींचे आवाज. गैसबर्गने आपल्या रोजनिशीत त्यांच्या आवाजांबद्दल काही बरं लिहिलेलं नाही. म्हणजे आपल्या देशातलं पहिलं व्यावसायिक रेकॉर्डिंगच मुळी 'कमकुवत' ठरवलेल्या आवाजांचं आहे! त्याच महिन्यात, नोव्हेंबरमध्ये, गौहरजान आल्या. त्यांनी तीनेक मिनिटांत ख्याल-ठुमरीचा अर्क बसवून दाखवला आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारलं. तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला छापल्या जात. तिथल्या कारागिरांना कुणाचं गाणं आहे ते कळावं, म्हणून ही पद्धत पडली असं सांगतात.

गौहरजान चालल्या, कारण खणखणीत आवाजाबरोबरच वेळेचा अंदाजही त्यांच्याकडे होता. ज्याचा आवाज हलका, त्याला भोंग्यात जागाच नव्हती. आपल्या संगीत नाटकांतही तेव्हा हीच परीक्षा होती. मायक्रोफोन नाही, तेव्हा पद शेवटच्या रांगेपर्यंत गेलं पाहिजे. 'गाणारा' म्हणजे 'ज्याचा आवाज लांब पोचतो तो', ही व्याख्या त्या काळाने आपल्या मनात घातली. आज वीतभर अंतरावर मोबाइल ठेवून जो माणूस शेवटच्या रांगेसाठी ओरडतो, तो नकळत १९०२ सालच्या भोंग्यासाठी गात असतो.

विजेचा कान

१९२५ साली अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकची विजेवर चालणारी रेकॉर्डिंग पद्धत व्हिक्टर आणि कोलंबिया या कंपन्यांनी वापरायला घेतली. आता आवाजाने सुई ढकलायची नव्हती. मायक्रोफोनने ऐकायचं आणि विजेने ते मोठं करायचं. ताकदीचं काम यंत्राकडे गेलं.

याचा फायदा घेणाऱ्या पहिल्या लोकांत एक माजी सैनिक होता, म्हणून मला त्याचं विशेष अप्रूप. जॅक स्मिथ त्याचं नाव. पहिल्या महायुद्धात झालेल्या इजेमुळे त्याला पूर्ण आवाजात गाता येत नव्हतं. भोंग्याच्या काळात त्याचं गाणं तिथेच संपलं असतं. पण रेडिओ आणि मायक्रोफोन आले. तो मायक्रोफोनच्या जवळ जाऊन जवळजवळ कुजबुजत गायला लागला आणि 'व्हिस्परिंग जॅक स्मिथ' म्हणून प्रसिद्ध झाला. त्याच वाटेने बिंग क्रॉसबी आणि इतर मंडळी आली. या हळू गाण्यावर लोक चिडलेही. बॉस्टनच्या कार्डिनल ओकॉनेल यांनी १९३२ साली या कुजबुज्या गायकांवर जाहीर टीका केली. 'हे गाणं नव्हे, ही लबाडी आहे' ही तक्रार ऑटो-ट्यूनपासून सुरू झाली असं आपल्याला वाटतं. ती मायक्रोफोनइतकीच जुनी आहे.

आपल्याकडे मायक्रोफोनचं सोनं केलं ते कुंदनलाल सैगल यांनी. रीतसर तालीम फारशी नसलेला हा माणूस आधी टाइपरायटर विकायचा. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये त्याने माइकसमोर असं गाऊन दाखवलं की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माझ्याशेजारी बसून बोलतो आहे. १९३५ सालचा 'देवदास' आठवा. त्याच साली, त्याच न्यू थिएटर्समध्ये नितीन बोस यांच्या 'धूप छाँव' आणि त्याच्या बंगाली आवृत्तीत, 'भाग्यचक्र'मध्ये, पार्श्वगायन सुरू झालं. तोवर नटाला स्वतःच गावं लागे. आता चेहरा एकाचा आणि गळा दुसऱ्याचा, अशी सवलत मिळाली.

मायक्रोफोनची शिस्त कोणती? मी सिग्नल्समध्ये होतो. वायरलेसवर कसं बोलायचं याच्या पहिल्या धड्यांत चार गोष्टी शिकवतात : लय, वेग, आवाजाची पातळी आणि पट्टी. ओरडलात तर पलीकडे शब्द जात नाहीत, नुसता फाटलेला आवाज जातो. हेच घरी करा. मायक्रोफोन किंवा मोबाइल तोंडापासून वीतभर ठेवा, पण अगदी समोर नको, थोडा तिरका ठेवा. आपल्या भाषांत प, फ, भ, ख ही अक्षरं भरपूर. त्यांचा वाऱ्याचा झोत सरळ माइकवर आदळला की 'भप्प' असा आवाज येतो. रेकॉर्डिंगची पातळी दाखवणारी पट्टी लाल रंगात जाऊ देऊ नका. सगळ्यात मोठा सूर लावतानाही थोडी जागा शिल्लक राहिली पाहिजे. एकदा फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही.

आणि जितकं जवळ गाल तितकी खोली कमी ऐकू येईल. पंखा आणि एसी बंद करा. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून गा, नाहीतर मागच्या भिंतीवर दोन गोधड्या टांगा. मऊ कापड आवाज परतवत नाही. दहा हजारांचा माइक उघड्या, टाइल लावलेल्या खोलीत ठेवण्यापेक्षा साधा मोबाइल गोधड्यांमध्ये ठेवलेला बरा. ट्रॅक कानातल्या हेडफोनमध्येच वाजू द्या आणि एक कान मोकळा ठेवा, म्हणजे स्वतःचा सूर कळतो.

श्वास आणि कंप

हा धडा इंग्लंड-अमेरिकेतून आणायची गरज नाही. तो मुंबईत अनिल विश्वास यांनी शिकवला. मायक्रोफोन गाण्याबरोबर श्वासही टिपतो. श्वास कुठे आणि कसा घ्यायचा, हे आपण अनिलदांकडून शिकलो, असं लता मंगेशकर यांनी सांगितलेलं आहे. लताबाईंसारख्या गळ्यालाही माइकसमोर उभं राहण्याची कला वेगळी शिकावी लागली, मग आपण न शिकता बरे गाऊ ही अपेक्षाच चूक. गाण्याचा कागद घ्या, श्वासाच्या जागांवर पेन्सिलीने रेघ मारा. बेताच्या गायकाचा सूर बहुतेक ओळीच्या शेवटी उतरतो, आणि तो उतरतो कारण हवा संपलेली असते. निम्मे बेसूर श्वासाने सुधारतात, त्याला कुठलंही यंत्र लागत नाही.

दुसरी गोष्ट तलत महमूद यांची. त्यांच्या आवाजात एक कंप होता आणि मुंबईत आल्यावर ते तो लपवायचा प्रयत्न करत होते. अनिल विश्वास यांनी 'आरजू' (१९५०) चित्रपटासाठी नेमका तोच कंप मागितला. पुढे तोच तलत यांची ओळख झाला. भोंग्यासमोर तो आवाज कमजोर ठरला असता. म्हणून आपल्या आवाजातला प्रत्येक दोष काढायला धावू नका. आधी तो खरंच दोष आहे का, ते बघा. आवाज थोडा घोगरा असेल, थरथरता असेल, तर तसं गाणं निवडा.

आणि पट्टी स्वतःची घ्या. मूळ गायकाच्या पट्टीत गायलाच पाहिजे असा नियम नाही. कराओके ट्रॅक दोन-तीन स्वरांनी खाली आणायची सोय आज फुकट मिळते. ताणून गाठलेला सूर रेकॉर्डिंगमध्ये दुप्पट ताणलेला ऐकू येतो.

मेजर मलिन यांची टपालाची पोती

तबकडीवर एकदा कोरलं की संपलं. चुकलं तर नवी तबकडी. मुंबईच्या स्टुडिओंतही पुढे कित्येक वर्षं गायक आणि सगळा वाद्यवृंद एकत्र गात-वाजवत असे. एकाचं चुकलं की सगळ्यांनी पहिल्यापासून. बेताच्या गायकाला ही भीतीच गिळून टाकते.

ही भीती कमी केली चुंबकीय टेपने, आणि त्यात फौजेचा हात आहे. जर्मनीत एईजी कंपनीने १९३५ साली मॅग्नेटोफोन दाखवला होता. युद्धाच्या काळात अमेरिकी सिग्नल कोअरचे जॅक मलिन इंग्लंडमध्ये होते. रात्री उशिरा जर्मन रेडिओवर सुईची खरखर नसलेलं संगीत ऐकून त्यांना आश्चर्य वाटायचं. १९४५ साली बाड नाउहाइमला एका रेडिओ केंद्रात त्यांना ती यंत्रं सापडली. त्यांनी दोन यंत्रं सुटी करून, पन्नास टेपांसह, टपालाने घरी पाठवली. १९४६ साली अमेरिकेत त्यांनी प्रात्यक्षिक दाखवलं आणि ते बिंग क्रॉसबीपर्यंत पोचलं. दर आठवड्याला थेट प्रक्षेपण करायचा क्रॉसबीला कंटाळा होता. १९४७ पासून त्याचा कार्यक्रम टेपवर आला. त्याने अँपेक्स या छोट्या कंपनीत पन्नास हजार डॉलर घातले, आणि टेप कापून, चिकटवून, चांगला भाग ठेवण्याची पद्धत रूढ झाली.

सवलत : चुकलं तरी चालेल. शिस्त : आता स्वतःचं ऐकावं लागेल. घरी करायचं ते असं. पूर्ण गाणं एका दमात रेकॉर्ड करू नका. मुखडा वेगळा, प्रत्येक अंतरा वेगळा. प्रत्येकाचे चार-पाच टेक घ्या आणि यंत्र बंद करा. निवड त्याच दिवशी करू नका, दमलेल्या कानाला सगळंच वाईट किंवा सगळंच छान वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऐका, प्रत्येक ओळीचा सगळ्यात खरा वाटणारा टेक निवडा आणि श्वासाच्या जागी जोड द्या. तिथे जोड कळत नाही. ऑडॅसिटीसारखं मोफत सॉफ्टवेअर २००० सालापासून उपलब्ध आहे, ब्लेड आणि चिकटपट्टीचं काम त्यात माउसने होतं. मात्र विसाव्या टेकची वाट बघू नका. पाचव्यानंतर गळा दमतो, सूर सुधारत नाही.

जुळा आवाज आणि न्हाणीघर

क्रॉसबीने लेस पॉलला एक अँपेक्स यंत्र दिलं. लेस पॉल आणि त्याची पत्नी मेरी फोर्ड यांनी घरीच, मायक्रोफोन अगदी जवळ ठेवून, मेरीचा एकच आवाज थरावर थर चढवून मुद्रित केला. त्यांचं 'हाउ हाय द मून' १९५१ साली गाजलं. घरगुती रेकॉर्डिंगचं हे आद्य पीठ समजा. पुढे लंडनच्या ईएमआय स्टुडिओत जॉन लेननला स्वतःचा आवाज आवडत नसे, म्हणून तो एकच ओळ दोनदा गाऊन आवाज दुहेरी करायचा. पण पुन्हापुन्हा तंतोतंत तसंच गायचा त्याला वैताग यायचा. १९६६ साली तिथल्या केन टाउनसेंड या अभियंत्याने तेच काम टेप यंत्रांच्या युक्तीने करून दिलं. लेननसारख्यालाही स्वतःचा आवाज ऐकवत नव्हता, हे ऐकून आपल्याला धीर यावा.

घरी मुखडा दोनदा गा आणि दुसरा आवाज पहिल्याच्या निम्म्याहून कमी ठेवा. दोन्हींतले बारीक चढउतार एकमेकांना झाकतात. पण शब्द एकाच क्षणी सुरू आणि बंद झाले पाहिजेत, हीच इथली शिस्त. अंतरे एकेरीच ठेवा.

न्हाणीघरात आपण सगळेच बरे गातो. तिथल्या कडक भिंती सूर परत पाठवतात आणि दोन सुरांमधली फट भरून निघते. शिकागोचे अभियंते बिल पटनम यांनी १९४७ साली हार्मोनिकॅट्स या वादकांच्या तबकडीसाठी स्टुडिओच्या न्हाणीघराचा घुमारा मुद्दाम वापरला. आज ते काम 'रिव्हर्ब' नावाचं बटण करतं. मात्र क्रम पाळा : गोधड्यांमध्ये कोरडं रेकॉर्ड करा, घुमारा नंतर घाला. आवाजात मिसळलेला खरा न्हाणीघराचा घुमारा नंतर काढता येत नाही. आणि तो आहे हे कळेनासं होईपर्यंत कमी करा.

एक बटण आणखी, 'कंप्रेसर'. रेडिओ केंद्रांना १९३० च्या दशकात असा पहारेकरी लागला, कारण अचानक मोठा आलेला आवाज ट्रान्समीटरला झेपत नसे. हे यंत्र मोठे सूर दाबतं, मग एकूण पातळी वाढवली की हळू शब्दही ऐकू येतात. ज्याची ओळ अर्धी जोरात आणि अर्धी पुटपुटल्यासारखी जाते, त्याला याचा फार उपयोग. पण जास्त दाबलं की तुमचा श्वासही गाण्याइतका मोठा होतो.

तेलविहिरीतून आलेला सूर

शेवटचा टप्पा १९९७ चा. अँडी हिल्डेब्रँड हे तेलक्षेत्रात काम केलेले गणिती. जमिनीत स्फोटाच्या लहरी सोडून, परत आलेल्या लहरींवरून खाली काय आहे ते ओळखायचं, असं त्यांचं काम. तेच गणित वापरून त्यांनी आवाजाचा सूर ओळखून दुरुस्त करणारं ऑटो-ट्यून बनवलं. पुढच्याच वर्षी शेर या गायिकेच्या 'बिलीव्ह'मध्ये ते मुद्दाम टोकाला नेऊन वापरलं गेलं.

हे यंत्र काय करतं, ते नीट समजून घ्या. तुमचा सूर ज्या स्वराच्या सगळ्यात जवळ असेल, त्याच्याकडे ते तो ओढतं. लागून असलेल्या दोन स्वरांमधल्या अंतराचे शंभर भाग धरा. तुम्ही पन्नास भागांहून कमी ढळलात तर ते बरोबर जागी नेईल. त्याहून जास्त ढळलात तर शेजारच्या स्वरावर नेऊन बसवेल, आणि बेसूर आणखी ठाम होईल. म्हणजे सूर जवळपास असलेल्यालाच त्याची मदत होते. त्याआधीचं काम तुमचं.

आपल्या संगीतात आणखी एक अडचण आहे. आपले सूर मींडेने जोडलेले असतात. दरबारीचा आंदोलित गंधार त्या यंत्राला चूक वाटतो. दुरुस्तीचा वेग जास्त ठेवला की मींडेची घसरण जाऊन जिन्याच्या पायऱ्या येतात. म्हणून वेग कमी ठेवा, गाण्याचे स्वर आधी निवडून द्या, आणि संपूर्ण गाण्यावर न लावता फक्त खटकणाऱ्या तीन-चार जागांवर लावा.

तर क्रम असा : पट्टी, श्वास, खोली, माइकचं अंतर, टेक, निवड, थोडा कंप्रेसर, थोडा घुमारा, आणि सूरदुरुस्ती सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक ही यादी उलटीकडून सुरू करतात. इतिहास ज्या क्रमाने पुढे गेला, जवळपास त्याच क्रमाने चाला.

हे सगळं कशासाठी, असंही कुणी विचारेल. आपल्याला काही सैगल व्हायचं नाही. पण आपल्या आजी-पणजी जात्यावर काय गात होत्या, त्यांचा आवाज कसा होता, हे बहुतेक घरांत कुणालाही माहीत नाही. भोंगा त्यांच्यापर्यंत पोचला नाही, आणि पोचला असता तरी 'आवाज बरा नाही' म्हणून त्यांना परत पाठवलं असतं. तुमच्या हातात यंत्र आहे आणि त्याला फुप्फुसाची ताकद लागत नाही. या आठवड्यात एकच करा. आवडत्या गाण्याचा एक अंतरा, गोधडीसमोर, वीतभर अंतरावरून, पाच वेळा. त्यातला एक ठेवा, त्यावर तारीख लिहा आणि घरातल्या लहान मंडळींना पाठवा.

पुन्हा भेटू पुढच्या भागात. जय हिंद.